पिठातली गाठ

माझा धाकटा भाऊ कमी बोलतो. मुका नाही, पण दिवसाला लागतील तेवढेच शब्द वापरतो. अंगाने असा उंच की बेकरीच्या मागच्या दारातून येताना मान वाकवावी लागते, म्हणून शाळेपासून त्याला सगळे लांब्या म्हणतात. आता चाळिशी उलटली, कानामागचे केस पिकले, तरी गल्लीत त्याला दुसरं नाव नाही. वडील गेल्यावर बेकरी आम्हा दोघांवर आली. तो मागे भट्टीपाशी, मी पुढे काउंटरवर. वाटणी अगदी बरोबर झाली. लांब्याने काउंटर सांभाळायचं ठरवलं असतं, तर गिऱ्हाइकं त्याचं तोंड बघून पाव न घेताच परत गेली असती.

आमच्याकडे पीठ मळायचं मशीन आहे, चांगलं मोठं, सगळं दुकान थरथरवणारं. तरी मशीनमधून काढलेलं पीठ लांब्या लाकडी फळीवर घेतो आणि पुन्हा हाताने मळतो. का, असं विचारलं की म्हणतो, "मशीनला कळत नाही." मला वाटायचं, ही याची उगाच मिजास. मग एकदा त्याने माझा हात धरून पिठात खुपसला. "लागतंय काही?" मला काही लागेना. त्याने त्याच जागी अंगठा घातला आणि मुगाच्या दाण्याएवढी कोरड्या पिठाची गाठ काढून माझ्या तळहातावर ठेवली. त्या दिवसापासून मी मिजास हा शब्द मागे घेतला. म्हणजे पिठापुरता घेतला, इतर बाबतीत तो जसा आहे तसाच आहे.

लग्न त्याने उशिरा केलं. बायको बसवर कंडक्टर. तिने "पुढे सरका" म्हटलं की बसमधले तर सोडाच, थांब्यावरचे लोकसुद्धा दोन पावलं पुढे सरकतात. दोघांचं कसं जमलं म्हणून मी तिला एकदा खोदून विचारलं, तर म्हणाली, "ताई, दिवसभर ओरडून घरी आल्यावर असा नवरा म्हणजे झाडाखाली बसल्यासारखं वाटतं." मी तिला बटर बिस्किटांचा पुडा दिला आणि विषय संपवला.

त्यांची मुलगी मुंगी. खरं नाव शाळेच्या पटावर आहे, पण ती चालायला लागल्यापासून साखरेच्या डब्यापाशीच सापडायची, त्यामुळे मुंगी. ही गोष्ट झाली तेव्हा ती साडेचार वर्षांची होती.

लांब्या दुपारी घरी यायचा, अंघोळ करून जेवायचा, जरा पडायचा, आणि चार वाजता त्या बापलेकीचा खेळ सुरू व्हायचा. खेळ म्हणजे पाव करणे. मुंगी पलंगावर आडवी व्हायची, ती पीठ. लांब्या खोटंखोटं मीठ टाकायचा, पाणी ओतायचा आणि दोन्ही हातांनी तिला मळायला घ्यायचा. पोट, पाठ, पुन्हा पोट. पाय दुमडून पोटाशी आणायचा, उलटी करायचा, थोपटायचा. मग वर चादर टाकायची, पीठ फुगायला. आत मुंगी गाल फुगवून श्वास धरायची. मग चादर काढून "झाला का लाल?" असं विचारत तो तिच्या पोटाचा चावा घ्यायचा, आणि पोरगी अशी किंचाळायची की खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका मशीन थांबवायचे. दिवसभर न बोललेला माझा भाऊ त्या अर्ध्या तासात चुरूचुरू बोलायचा. मी कितीदा तरी मुद्दाम त्या वेळी त्यांच्याकडे चहाला जायची.

एके दिवशी मळता मळता त्याच्या हाताला काहीतरी लागलं. डाव्या बरगडीच्या खाली, आत, घट्ट. त्याने पुन्हा दाबून पाहिलं. मुंगी हसत होती, तिला दुखत नव्हतं. आणि माझा भाऊ म्हणाला, "अरेच्चा, पिठात गाठ राहिली. अजून मळायला हवं."

मुंगीला हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच सांगितलं, "बाबा, गाठ मळ." तिसऱ्या दिवशीही. लेकरांना एकच गोष्ट शंभरदा हवी असते. लांब्याला वाटलं, पोट साफ होत नसेल, गोळा धरला असेल, मळून सुटेल. नऊ दिवस त्याने ती गाठ मळली. त्याच्या जागी दुसरा कोणी असता, कारकून किंवा मास्तर, तर त्याने कदाचित पहिल्याच दिवशी घाबरून डॉक्टर गाठला असता. पण ज्याने आयुष्यभर गाठ लागली की मळून मोडली, तो दुसरं काय करणार?

दहाव्या दिवशी सकाळी मुंगीची लघवी लाल झाली.

त्या दिवशी आम्ही बेकरीचं शटर पाडलं आणि तिघंही धावलो. आधी जवळच्या डॉक्टरकडे, तिथून मोठ्या हॉस्पिटलात. सोनोग्राफी झाली, मग स्कॅन. संध्याकाळी मुलांच्या सर्जनबाईंनी आम्हाला खोलीत बसवलं. पन्नाशीच्या, बारीक, चष्मा केसांवर चढवलेल्या. त्यांनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली आणि डाव्यावर पेनने गोल गोल फिरवत एक मोठा गोळा केला. मूत्रपिंडातला ट्यूमर. लहान मुलांना होतो. कॅन्सरच, पण यातली बहुतेक मुलं बरी होतात. उजवं मूत्रपिंड चांगलं आहे. आधी औषध देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन करून ती मूत्रपिंडासकट काढायची, मग पुन्हा औषध. बाई सावकाश सांगत होत्या. 'बहुतेक' हा शब्द मी घट्ट धरून बसले. माझ्या भावजयीने वही काढून सगळं लिहून घेतलं, एक अक्षर न चुकता. तिचा हात जराही हलला नाही. घरी गेल्यावर मी ती वही पाहिली, तर पेनाने खालची चार पानं फाटली होती.

मग बाई म्हणाल्या, "एक गोष्ट नीट ऐका. या गाठीभोवती पातळ पिशवीसारखं आवरण असतं. ती अख्खी निघाली तर फार चांगलं. आत फुटली तर आजार पोटात पसरतो, उपचार वाढतात आणि धोकाही. म्हणून आजपासून हिचं पोट कोणी दाबायचं नाही. नर्सनेही नाही." आणि मग विचारलं, "पडली होती का? पोटाला मार? कोणी जोरात दाबलं वगैरे?"

भावजय म्हणाली, "नाही."

सर्जनबाईंनी लांब्याकडे पाहिलं. लांब्या म्हणाला, "नाही."

मी त्याला जन्मापासून ओळखते. खोटं बोलताना तो डाव्या हाताने उजव्या हाताचं मनगट धरतो. त्याने धरलं होतं.

मुंगीला वॉर्डात पलंग मिळाला आणि पलंगाच्या डोक्याशी पाटी लागली: पोट दाबू नये. औषधं सुरू झाली. सुई, सलाइन, उलट्या, कधी जबडा दुखतो म्हणून जेवण नाही, कधी पोट कडक होऊन रडारड. तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस दिसायला लागले. भावजयीने रजा टाकली आणि वॉर्डाचा असा ताबा घेतला की रक्त तपासायच्या रांगेत मागून घुसणारे आपोआप शहाणे झाले. मी सकाळची गिऱ्हाइकं उरकून डबा घेऊन जायची. आणि लांब्या दुपारी यायचा आणि पलंगाच्या पायथ्याशी स्टुलावर बसायचा. दोन्ही हात मांडीखाली. लेकीला उचलायचा नाही, कुशीत घ्यायचा नाही, डोक्यावरून हातसुद्धा फिरवायचा नाही. मुंगी म्हणायची, "बाबा, मळ ना." तो म्हणायचा, "नको." इतकंच. बेकरीतही हाताने मळणं बंद केलं. मशीनमधून निघेल ते पीठ सरळ साच्यात. पहिल्याच आठवड्यात दोघा गिऱ्हाइकांनी मला विचारलं, कारागीर बदलला का?

आठवडाभर मी सोसलं. मग एका सकाळी मैद्याच्या पोत्यांपाशी त्याला गाठलं. "मनगट का धरलंस?"

त्याने सगळं सांगितलं. नऊ दिवस. किती जोरात, तेही. सांगताना तो फळीवरचं पीठ बघत होता, माझ्याकडे नाही. "लाल लघवी माझ्यामुळे झाली, ताई. मी फोडली असेल."

मग मी जे तोंड सोडलं ते आठवलं की आजही मान खाली जाते. दाबलंस ते दाबलंस, पण डॉक्टर समोर बसून विचारतायत आणि तू नाही म्हणतोस? पोरीच्या जिवापेक्षा तुझी लाज मोठी झाली का? सांगायला काय जात होतं तुझं? असं आणि याहून वाईट. तो एकही शब्द उलटून बोलला नाही. मान वाकवून उभा राहिला, दारातून येताना वाकवतो तसा. शेवटी म्हणाला, "सांगतो."

आता माझं. त्याला एवढं सुनावणाऱ्या माझ्या पोटात काय होतं, ते इथे सांगायलाच हवं. लांब्याच्या हाताला गाठ लागली त्याच दिवशी सकाळी मुंगी काउंटरमागे माझ्यापाशी आली होती. सुट्टीचा दिवस, दुकानात तोबा गर्दी. तिने फ्रॉक वर केला, माझा पदर ओढला आणि म्हणाली, "आत्या, इथे हात लाव. कडक आहे." मी खालीसुद्धा पाहिलं नाही. "नंतर, मुंगे. दिसत नाही का किती गर्दी आहे?" तिच्या हातात एक बिस्किट दिलं आणि तिला पिटाळलं. नंतर मी विसरले. ती लाल लघवी पाहीपर्यंत साफ विसरले. मी तेव्हा हात लावला असता, भावजयीला सांगितलं असतं, तर नऊ दिवस मळणं झालंच नसतं. हे मी कोणाला सांगितलं नाही. भावाला पोत्यांपाशी उभं करून झाडलं आणि स्वतः तोंडाला कुलूप लावून बसले.

लांब्या 'सांगतो' म्हणाला खरा, पण रोज उद्यावर ढकलत राहिला. सहावा आठवडा आला. गाठ बरीच आकसली होती. ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दुपारी सर्जनबाई पलंगाशी आल्या, सह्यांचे कागद समजावून सांगितले, मुंगीला तिच्या बाहुलीचं नाव विचारलं आणि जायला वळल्या. तेवढ्यात लांब्या स्टुलावरून उठला.

"मॅडम, मी दाबलं होतं."

त्या थांबल्या. वॉर्डाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत, माझ्या अबोल भावाने पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. हाताने हवेत करून दाखवलं, कसं मळायचो, अंगठा कुठे, तळवा कुठे. शेजारच्या पलंगावरच्या मुलाची आई चमचा हातात धरून ऐकत राहिली. मी भावजयीकडे बघायचं टाळलं.

सर्जनबाई सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. स्कॅनमध्ये फुटल्याचं काही दिसलेलं नाही. पण उद्या आत गेल्यावर तेवढी जागा मी जास्त नीट बघेन." मग चष्मा केसांवरून काढून पुसत राहिल्या. "कोणी तेल चोळलेलं असतं, कोणी एरंडेल पाजलेलं असतं, कोणी दोन महिने कृमीचं औषध दिलेलं असतं. सांगत सगळे नाहीत. हा आजार तुमच्या हाताने आलेला नाही. पुढचं मी उद्या सांगेन."

बाई गेल्यावर भावजय लांब्याला बाहेर, जिना उतरून खाली घेऊन गेली. मीही मागे गेले, मला कोणी बोलावलं नव्हतं. मला वाटलं, आता ही याला सोडत नाही. तिचा आवाज मात्र इतका खाली होता की मला कान द्यावा लागला.

"म्हणून तू तिला हात लावत नव्हतास?"

त्याने मान हलवली.

"सहा आठवडे तिला वाटतंय की तिचे केस गेले म्हणून बाबाला ती आवडत नाही. मला रोज विचारते. मी रोज काहीतरी थापा मारते. पोटाला हात लावू नका म्हणाले होते रे. पोराला हात लावू नका, असं कोण म्हणालं होतं?"

लांब्या दोन दोन पायऱ्या ओलांडत वर गेला. आम्ही पोचलो तेव्हा तो पलंगावर बसला होता आणि मुंगीचं बोडकं डोकं त्याच्या दोन्ही तळव्यांत होतं. तो ते हळूहळू चोळत होता आणि ती मांजरासारखी डोळे मिटून पडली होती. "बाबा, हात खरखरीत आहेत," ती म्हणाली. "काढू का?" "नको." मग रडू फुटलेल्या आम्ही दोघी वॉर्डात उभ्या राहून एकमेकींना डबा आवरायला सांगू लागलो.

दुसऱ्या दिवशी साडेचार तास. ते कसे गेले हे मी सांगणार नाही, ज्यांनी काढलेत त्यांना माहीत आहे आणि इतरांना कळायचीही गरज नाही. शेवटी दार उघडलं, सर्जनबाई हिरव्या टोपीतच बाहेर आल्या आणि आधी कोणाकडेही न बघता सरळ लांब्याकडे गेल्या. "अख्खी निघाली," त्या म्हणाल्या. "आवरण शाबूत होतं. सगळीकडून बघितलं." माझा एवढा उंच भाऊ भिंतीला पाठ घासत खाली बसला.

त्यानंतर आणखी काही महिने औषधं, ताप आला की धावपळ, घरात कोणाला शिंक आली की त्याला हद्दपारी. मग केस आले, आधीपेक्षा कुरळे. मुंगी शाळेत गेली. पोटावर आडवा लांब व्रण आहे, तो ती मैत्रिणींना दाखवते आणि एक चॉकलेट घेते. बेकरीत लांब्या पुन्हा फळीवर उभा राहिला आणि पाव पूर्वीसारखा झाला.

मी मात्र माझी गोष्ट गिळूनच होते. कितीदा जिभेवर आली. कधी गिऱ्हाइक यायचं, कधी मुंगी हसत असायची, आणि मला वाटायचं, आता कशाला.

ऑपरेशनला परवा तीन वर्षं झाली. तपासणीला आम्ही चौघं गेलो होतो. नवीन पोरगेला डॉक्टर होता, फॉर्म भरताना त्याने विचारलं, "गाठ पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आली होती?"

मुंगीने छाती पुढे काढून सांगितलं, "माझ्या बाबांच्या. मी पीठ होते."

डॉक्टरला काही कळलं नाही. लांब्या हसला. मला मात्र ते हसू बघवेना. मुंगीला घेऊन भावजय सोनोग्राफीच्या खोलीत गेली, दार लागलं, आणि बाकावर आम्ही दोघंच उरलो. मी म्हटलं, "लांब्या, पहिल्यांदा तिने मला सांगितलं होतं." आणि सगळं ओकले. गर्दी, फ्रॉक, बिस्किट, नंतर.

समोरच्या दाराकडे बघतच तो म्हणाला, "माहितीये."

"काय माहितीये?"

"त्याच दिवशी सांगितलं तिनं. पलंगावर पडल्या पडल्या. आत्याला वेळ नव्हता, म्हणाली, तू दाब."

मला आधी काही समजेना. मग समजलं. म्हणजे पोत्यांपाशी मी त्याला वाट्टेल ते बोलत होते तेव्हा त्याला माहीत होतं. लाज मोठी झाली का, असं मी विचारलं तेव्हा माहीत होतं. एक वाक्य बोलला असता तर मी जागच्या जागी गार पडले असते.

"मग तेव्हाच का नाही फेकलंस माझ्या तोंडावर?"

त्याने विचार केला. तो खरंच विचार करतो, उत्तर द्यायचं म्हणून देत नाही. "तू गप्प झाली असतीस," तो म्हणाला. "आणि तू गप्प झाली असतीस तर मी मॅडमना कधीच सांगितलं नसतं, ताई."

मी रडले. नेहमीसारखं नाक पुसत नाही, चांगलं मोठ्याने, सगळा व्हरांडा वळून बघेल असं. लोकांना वाटलं, रिपोर्ट वाईट आला. एक बाई पाण्याची बाटली घेऊन धावत आली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "काय म्हणाले हो डॉक्टर?" लांब्याने तिच्या हातून बाटली घेतली, झाकण काढलं आणि माझ्या हातात दिली.

"मुलगी बरी आहे," तो त्या बाईला म्हणाला. "ही माझी बहीण आहे."